पांढरी सातातली चोरी

लव्हेल पिकेटचं वाटोळं होऊ दे, असं मी सहा महिने रोज म्हणत होते. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसूनसुद्धा म्हणत होते. खोटं कशाला बोलू?

'कढई तापली' ही रेकॉर्ड माझ्या भावाची, होझियाची. चाल त्याची, सॅक्सोफोन त्याचा, पियानोवर मी. गेल्या वर्षी वादकांच्या युनियनची रेकॉर्डिंगवर बंदी होती, म्हणून एका गॅरेजात चोरून वाजवली आणि लेबलावर कुणाचंच खरं नाव घातलं नाही. बंदी उठेपर्यंत होझियाची छाती गेली. क्षयाचं इस्पितळ, तिथे बोलायचीही मनाई, मग फुंकणं कुठलं! इकडे रेकॉर्ड गाजली. आमच्या वस्तीतल्या सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरचे न्हावीसुद्धा वस्तरा चालवताना ती गुणगुणायला लागले. आणि हा लव्हेल, गावोगाव वाजवत फिरणारा सॅक्सोफोनवाला, सांगत सुटला, 'रेकॉर्डवरचा सॅक्सोफोन माझाच.' पेपरात त्याचा फोटो छापून आला, खाली 'कढईवाला पिकेट'. होझियाने तो पाहिला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दोन दिवस अन्नाला शिवला नाही. असंच चाललं तर हा वाचायचा नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

मी भेटेल त्याच्याशी भांडले. लोक म्हणायचे, बहिणीची माया आहे, समजतं आम्हाला. पण पुरावा काय? ड्रमवाला वारलेला आणि गॅरेजवाला टेक्सासला पळालेला. माझ्याकडे नुसती जीभ उरली होती, आणि ती कितीही तिखट असली तरी पुरावा होत नाही.

मग एका रविवारी दुपारी लव्हेल आपल्या पायांनी 'पर्ल रूम'मध्ये आला. रविवारी तिथे कुणीही स्टेजवर चढावं आणि वाजवावं, अशी रीत. पियानोवर बसलेली बाई कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. लोकांनी 'कढई' मागितली. त्याने पिवळ्या कोटाची बटणं सोडली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "पांढरी सात धर, ताई. आणि जोरात."

पांढरी सात? या चालीला ही पट्टी?

सॅक्सोफोनवाल्याला काळी पाच म्हणजे घरचं अंगण, आणि तिच्या अर्धा सूर वरची पांढरी सात म्हणजे काट्यातून अनवाणी चालणं. शुद्धीवर असलेला माणूस आपली चाल तिथे बांधत नाही. आम्हीही काळी पाचातच वाजवली होती. पण गॅरेजातलं रेकॉर्ड कापायचं यंत्र मंद फिरत होतं. त्यामुळे तबकडी घरी नेहमीच्या वेगाने लावली की सगळं अर्ध्या सुराने वर चढतं आणि पांढरी सातात ऐकू येतं. ती पट्टी खरी कुणाला वाटणार? जो त्या खोलीत नव्हता त्याला. गाढवाने तबकडी लावून लावून बोटं घोटली होती, चूक मात्र जशीच्या तशी उचलली होती.

मी अगदी साखर पेरून विचारलं, रेकॉर्डिंगच्या दिवशीही हीच पट्टी होती का हो?

"हीच तर," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी ती दुसऱ्या पट्टीत कधी वाजवलीच नाही."

बारपाशी चार-पाच जुने सॅक्सोफोनवाले उभे होते. त्यांतला म्हातारा एझेल खो-खो हसायला लागला. हा पांढरी सातात चाल बांधणारा शहाणा कोण, म्हणाला. मी उभी राहिले आणि यंत्राची गोष्ट सगळ्यांना सांगितली. मग बसले आणि काळी पाचात सुरुवात केली.

लव्हेल घुसला, पण बोटं घोकलेल्या वाटेनेच गेली. तो वर, मी खाली, असा भेसूर आवाज झाला की बायकांनी कानांवर हात ठेवले. त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चुकला. तोंड पिठासारखं पांढरं पडलं. तो वाकून माझ्या कानाशी म्हणाला, पाया पडतो, थांब.

"नाव घे," मी म्हणाले.

तो पुटपुटला. मी वाजवतच राहिले. तेव्हा कुठे तो मोठ्याने म्हणाला, "चाल होझिया टिलमनची आहे. सॅक्सोफोनही त्याचाच."

मी तरी थांबले नाही. होझियाचे सॅक्सोफोनचे सगळे तुकडे उजव्या हाताने पियानोवर वाजवले, एकही गाळला नाही, आणि तेवढा वेळ त्याला गळ्यात सॅक्सोफोन अडकवून लोकांसमोर उभं ठेवलं. दया यायला हवी होती म्हणे. मला नाही आली. मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

सोमवारी इस्पितळात जाऊन होझियाला सगळं सांगितलं. तो छताकडे बघत ऐकत होता. संपल्यावर मला वाटलं आता हा म्हणेल, जाऊ दे डेला, सोडून दे त्याला.

त्याने माझं मनगट घट्ट धरलं.

"त्याचं तोंड पांढरं पडलं ना," तो कुजबुजला, "तिथपासून परत सांग. सावकाश."