गुरुवारचा उपवास

"पाव्हनं आलं दारी, बाळा धर रं जरा धीर,
त्येचं पान उचलू दे, मंग तुझी ताटभर खीर."

चुलीपुढं बसून सगुणाबाई लेकाला असं गाऊन थोपवायची. आईचा तो आवाज दौलतला आठवला तो दुबईत, ऊद मेथा भागातल्या त्याच्या साहेबांच्या, धनंजयसरांच्या, हॉलमध्ये, आणि पावभाजीचा घास तोंडातच घोळत राहिला.

समोर टीव्हीवर ऑफिसच्या केनिया ट्रिपची कॅसेट चालली होती. गेल्या गुरुवार-शुक्रवारच्या, तिकडच्या आठवडी सुट्टीत दौलतसकट कार्गो ऑफिसातले चौघं जाऊन आले होते. आधी जिराफ पाहिले, मग गुराख्यांचं गाव.

"आता बघा हां!" सरांनी आवाज वाढवला.

पडद्यावर एक म्हातारी वाळक्या भोपळ्याच्या भांड्यातलं दूध पुढं करत होती. धुराचा उग्र वास असलेलं दूध. तिच्यामागं ऑफिसातली प्रज्ञा नाक दाबून ओकारीचं सोंग करत होती.

"यक, डॅड! सो ग्रॉस!" सरांची मुलगी शुभ्रा सोफ्यावरून किंचाळली.

"मग मी काय केलं? गाइडला म्हटलं, सांग बाईला, आज गुरुवार, आमचा सगळ्यांचा कडक उपवास. खलास!"

"अहो सर, उपवासाला दूध चालतं की!" प्रज्ञा म्हणाली.

"तिला काय कळतंय!"

हशा पिकला. उपवास सांगून ही मंडळी गाडीत शिरली होती, काचा वर करून चिकन सँडविचवर तुटून पडली होती. तोही. तेव्हाच गाइड जोसेफ त्याच्या कानाशी लागला होता: पाहुणे उपाशी, म्हणून म्हातारीनं भोपळ्याला बूच लावलंय. तुम्ही गाव सोडेपर्यंत तिच्या घरात कुणी घोटभरही घेणार नाही. आणि मंडळी तर खाऊन पुन्हा गाडीतून उतरली, नाच बघत, फोटो काढत ऊन कलेपर्यंत हलली नव्हती.

दौलत तेव्हा गप्प बसला होता. आजही गप्पच बसायला हवं होतं. बायकोच्या, अनुराधाच्या, व्हिसाच्या कागदावर शनिवारी सरांची सही व्हायची होती. तीन वर्षं ती गावी दिवस मोजत होती.

पडद्यावर झोपडीच्या सावलीत चार पोरं ओळीनं बसलेली दिसली. तोंडावर माशा, पण हात उचलून हाकलत नव्हती.

"डिसिप्लिन बघा! नाहीतर आपली कार्टी," सर म्हणाले. "अरे दौलत, हबीबी, खा ना. यल्ला, चल लवकर!"

सरांच्या ओठांवर लोणी चकाकत होतं. दौलतला शिसारी आली. मग आपल्याच बोटांवरचं लोणी दिसलं, तेव्हा त्याहून जास्त आली. त्यानं ताट खाली ठेवलं.

"सर, ती शिस्तीत नाहीत. उपाशी आहेत."

"म्हणजे?"

"आपण उपवास सांगितला, म्हणून म्हातारीनं घरात कुणालाच खाऊ दिलं नाही. जोसेफनं मला गाडीतच सांगितलं होतं."

टीव्हीवर ढोल वाजतच होता.

"मी तुम्हाला बोललो नाही. बोललो असतो तर हातातलं सँडविच टाकावं लागलं असतं, सर. आणि मला भूक लागली होती."