हिरडीखाली किती खोल

मित्रांनो, मी एक जुनी सळई आहे. दातांच्या दवाखान्यातली. पोलादाची, काडीसारखी बारीक, टोकाला बोथट. टोकाजवळ मिलिमीटरच्या काळ्या रेषा आहेत. दात आणि हिरडी यांच्या फटीत मला हलकेच सरकवतात. हिरडी निरोगी असेल तर मी दोन-तीन रेषांवर अडते. त्याहून खोल गेले, तर आत काहीतरी बिघडले आहे असे समजायचे.

सुरुवातीला डॉक्टरबाई प्रत्येक रुग्णाला मला लावत. पुढे गर्दी वाढली आणि मी ट्रेमध्ये पडून राहू लागले. शाळेतल्या मुलांसाठी तर मला कोणी हातच लावत नसे. हिरड्यांचे दुखणे म्हाताऱ्यांचे, असा सगळ्यांचा समज.

एके दिवशी नववीतली एक मुलगी आईबरोबर आली. घरात तिला मोठी म्हणत. तिच्या पुढच्या दातांत फट पडली होती आणि दोन दात हलत होते.

"नीट घासतच नाही हो ही," आई म्हणाली. "सांगून सांगून तोंड दुखलं माझं."

"घासते मी," मोठी तोंडावर हात धरून म्हणाली. "दोन्ही वेळा घासते."

बाईंनी आरशाने पाहिले. दात स्वच्छ होते, हिरड्याही फारशा सुजलेल्या नव्हत्या. तरी दात हलत होते. मग त्यांनी मला उचलले. हलत्या दाताशी मी टेकले आणि आत जातच राहिले. एकेक रेषा बुडाली. दाढांशीही तेच. रक्त आले. मोठीने खुर्चीचा हात घट्ट धरला. एक्स-रेमध्ये दिसले, दातांभोवतीचे हाड झिजले होते.

"ही खरंच घासते, ताई," बाई म्हणाल्या. "हा वेगळा आजार आहे. फार थोड्या मुलांना होतो. दुखत नाही, पण आतल्या आत हाड खातो. घरात कुणाचे दात लवकर पडलेत का?"

"माझे," आई म्हणाली. "हिच्या जन्माआधीच कवळी लागली. आपल्याकडे पडतातच, असं माझी आई म्हणायची."

बाईंनी हिरडीखालची घाण खरवडून काढली, गोळ्या दिल्या. नंतर दाढांजवळची हिरडी उघडून आतून साफ केली. दाढा वाचल्या. पुढचे दोन दात मात्र काढावे लागले.

मोठी रडली नाही. "शाळेत काय सांगू?" एवढेच तिने विचारले.

हा आजार एकाच घरात अनेकांना होऊ शकतो, म्हणून बाईंनी तिच्या धाकट्या बहिणीलाही बोलावून घेतले. तिचा एकही दात हलत नव्हता. तरी एका दाढेशी मी नको तितकी खाली गेले.

"हिलाही आहे," बाई म्हणाल्या. "पण हाड अजून शाबूत आहे. वेळेत आलात."

आईने डोळ्यांना पदर लावला. मोठीने धाकटीचा हात हातात घेतला.

मित्रांनो, हिरडीतून रक्त आले, दात हलला किंवा दातांत नवी फट दिसली, तर लपवू नका. ओरडा खावा लागेल म्हणून गप्प बसू नका. दवाखान्यात जा आणि हिरडी मोजायला सांगा. मला आत सरकवायला क्षणभर लागतो. गेलेले हाड मात्र मला परत आणता येत नाही.