करंट कुठं जातो

दौलतनं सतरा-अठरा किका मारल्या, कपाळावरचा घाम पुसला आणि अ‍ॅग्नेसकडे वळून म्हणाला, "आंटी, कॉइल गेलीय. करंटच येत नाही. एवढ्या जुन्या गाडीचं सामान आता मिळत पण नाही. भंगारवाल्याला सांगू का? सरांना कशाला उगाच त्रास?"

सर म्हणजे अ‍ॅग्नेसचा नवरा सिल्वेस्टर. तो दोन हात अंतरावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता आणि सगळं ऐकत होता. कल्याणच्या एका प्रशिक्षण संस्थेत त्यानं सव्वीस वर्षं मोटर मेकॅनिकचा वर्ग घेतला. रोज माजिवड्याहून याच मोटरसायकलवर गेला-आला. दौलत त्याचाच विद्यार्थी, आता दौलतचं गॅरेज यांच्याच गल्लीच्या तोंडाशी होतं.

दहा महिन्यांपूर्वी सिल्वेस्टरला लकव्याचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. समजायचं सगळं, पण हवा तो शब्द जिभेवर यायचा नाही, भलताच यायचा. बहुतेक वेळा 'पाणी'. भूक लागली तरी पाणी, पंखा लावायचा असला तरी पाणी.

"पाणी!" तो ओरडला. "नाही! पाणी!"

दौलत धावत आत गेला आणि पेला भरून घेऊन आला. सिल्वेस्टरनं डाव्या हाताच्या फटक्यानं तो उडवला. दौलतचा शर्ट भिजला, पेला घरंगळत गाडीखाली गेला.

"असू दे आंटी, आजारपणात होतं असं," दौलत गोरामोरा होत म्हणाला आणि निघून गेला.

अ‍ॅग्नेस संतापली. "काय हे सिल्वेस्टर? धंदा सोडून आलेला बिचारा!"

सिल्वेस्टरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि डावं बोट गाडीकडे होतं. अ‍ॅग्नेस पेला उचलायला वाकली आणि तशीच थांबली. त्यानं पाणी मागितलंच नव्हतं. तो दौलतला 'नाही' म्हणत होता.

"कॉइल गेलेली नाही, असं म्हणायचंय तुला?"

"हो."

हो आणि नाही, एवढे दोन शब्द त्याचे शाबूत होते. अ‍ॅग्नेसनं गाऊनवर जुना एप्रन बांधला. "ठीक आहे. तू नुसतं हो-नाही म्हण. हात माझे."

एकतीस वर्षांच्या संसारात ती या गाडीवर फक्त मागे बसली होती. तिनं हत्यारांची पिशवी आणून त्याच्यापुढे ओतली. एकेक पाना वर धरला. तिसऱ्याला "हो" आलं. तिनं प्लगला पाना लावला, तर तो टाकीखाली बोट दाखवून "नाही, नाही" करू लागला. पेट्रोल बंद करायचं राहिलं होतं.

प्लग काजळीनं काळा झाला होता. त्याच्या खुणेनं तिनं तो पुसला, वायरीच्या टोपीत परत बसवला, चावी चालू करून इंजिनाला टेकवून धरला आणि दुसऱ्या हातानं किक दाबली. ठिणगी नाही. पिशवीतला कोरा प्लग लावून पाहिला. नाही.

"मग कॉइलच ना?"

"नाही!"

त्यानं हवेत बोटानं एक रेघ ओढली, चावीपासून इंजिनापर्यंत. चावीकडून येणाऱ्या वायरी तिनं शोधल्या, एकेक चिमटीत धरून त्याच्याकडे पाहिलं. चौथ्या वायरीला तो जोरात म्हणाला, "हो!" तिनं तिचा जोड ओढून सोडवला आणि किक दाबली.

टक्. निळी ठिणगी.

"आई गं!" अ‍ॅग्नेस किंचाळलीच. "आला की करंट! मग जात कुठं होता?"

सिल्वेस्टरनं पुढे झुकून गाडीच्या लोखंडावर थाप मारली.

"बॉडीत?"

"हो."

म्हणजे चावी बंद केल्यावर जी वायर इंजिन थांबवते, तीच कुठंतरी लोखंडाला टेकत होती आणि चावी चालू असली तरी करंट पिऊन टाकत होती. कुठं, ते सिल्वेस्टरलाही माहीत नव्हतं. अ‍ॅग्नेसनं जोड परत बसवला. ठिणगी गेली. गुडघे भरून आले होते, म्हणून उठताना तिनं हँडलचा आधार घेतला. भिंतीकडे वळलेलं हँडल सरळ झालं. वैतागून तिनं आणखी एकदा किक दाबली.

टक्.

तिनं हँडल पुन्हा डावीकडे नेलं. काही नाही. सरळ केलं. टक्.

"सिल्वेस्टर, हँडल! हँडल वळलं की जातो!"

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग हसला. झटक्यानंतर तोंड वाकडं झालं होतं, म्हणून तो हसायचं टाळायचा. आत्ता विसरला.

हँडलच्या मानेपाशी तिनं टॉर्च मारला. एका वायरीचं वरचं आवरण घासून गेलं होतं, आतलं तांबं उघडं पडलं होतं. तिनं प्लग बसवला, पेट्रोल सुरू केलं, हँडल सरळ धरलं. एकसष्टीच्या पायात किकेचा जोर येईना. पाचव्या किकेला धुराचा लोट आला आणि अख्खी गल्ली दणाणली.

आवाज ऐकून दौलत धावत आला. "आंटी! काय केलंत?"

"मला नको विचारू, त्याला विचार."

दौलत ओशाळला. मग खुर्चीपुढे उकिडवा बसला. "सर, काय होतं?"

सिल्वेस्टरचे ओठ हलले. उत्तर अ‍ॅग्नेसच्या जिभेवर आलं होतं, तिनं ते गिळलं. सिल्वेस्टर खुर्चीला धरून उठला, डाव्या हातानं त्यानं हँडल डावीकडे ओढलं. इंजिन बंद पडलं. दौलतनं मान वाकवून आत पाहिलं.

"वायर घासलीय," तो हळूच म्हणाला. "आणि मी प्लगच्या पुढं गेलोच नाही. एवढं तर तुम्ही पहिल्याच वर्षी शिकवलेलं."

"हो," सिल्वेस्टर म्हणाला, अगदी वर्गातल्या आवाजात.

दौलत टेप घेऊन आला. वायरीला दोन वेढे मारून त्यानं वर पाहिलं.

"नाही," सिल्वेस्टर म्हणाला.

दौलतनं मुकाट्यानं टेप सोडवली आणि पुन्हा, या वेळी घट्ट आणि सावकाश, गुंडाळायला घेतली. अ‍ॅग्नेस हात धुवायला आत गेली. चहा तिनं तिघांचा टाकला.