कप्तानाला पोहता येत नव्हतं

छापखान्यात सगळे त्याला टाचणी म्हणत. काम प्रुफं तपासण्याचं आणि स्वभावही तोच. संध्याकाळी काम टेबलावर ठेवून तो घरी जाई, स्वभाव मात्र बरोबर नेई. एकदा एका सहकाऱ्याचे वडील गेले. तो बिचारा निधनाची बातमी लिहून घेऊन आला, तर टाचणीने आधी ‘दुःखद’मधला राहिलेला विसर्ग घातला आणि मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माणूस वाईट नव्हता. चूक दिसली की त्याला राहवत नसे, एवढंच.

घरात तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. आक्काने उभा जन्म इस्पितळात परिचारिकेची नोकरी केली होती. खरं रक्त, खरं मरण तिने पोटभर पाहिलं होतं, तेव्हा निवृत्तीनंतर तिला काहीतरी छानसं खोटं हवं होतं. ते तिला ‘दीपगृह’ या मालिकेत मिळालं. दीपगृह सांभाळणाऱ्याची मुलगी, तिचा लाडका कप्तान, मध्ये समुद्र. एका वादळात कप्तानाचं जहाज फुटलं आणि प्रेत काही सापडलं नाही. मालिकेत प्रेत सापडलं नाही याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. आक्का, खालच्या मजल्यावरची शिवणकामवाली आणि तिची सासू अशा तिघी रोज संध्याकाळी कप्तानाची वाट बघत बसू लागल्या.

टाचणीही बसे. भर दुपारी दिवा का जळतोय, असं तो विचारी. पत्र अजून पेटीत पडलं नाही आणि उत्तर हातात कसं आलं? मघाशी कोटाचं तुटलेलं बटण आता कोणी शिवलं, समुद्राने? शिवणकामवालीच्या सासूने एकदा पदर डोळ्याला लावला असतानाच त्याने हे बटणाचं काढलं, आणि म्हातारीचं रडणं अर्ध्यावरच राहिलं. दुसऱ्या दिवशी आक्काने टीव्ही उचलून स्वयंपाकघरात नेला आणि दार लोटून घेतलं.

श्रोते गेले म्हणून टाचणी गप्प बसणारा नव्हता. त्याने मोबाइलवर ‘दीपगृह चाहते मंडळ’ काढलं. त्याच्यासारखी माणसं जगात इतकी आहेत हे पाहून त्याला भरून आलं. मंडळाचं मालिकेवर प्रेम होतं, पण ते खाष्ट सासूचं सुनेवर असतं तसलं. उठता-बसता चुका काढायच्या, पण माहेरी काही जाऊ द्यायचं नाही. टाचणीने काढलेल्या चुकांना तर मंडळात सुभाषितांचा मान होता.

हे सगळं मालिकेच्या निर्मात्याच्या फार जिव्हारी लागत असे. शेवटी त्याने शहाणपणा केला, म्हणजे त्याला तसं वाटलं. त्याने टाचणीलाच चुका काढायला नोकरीवर बोलावलं. छापखान्यातून बिनपगारी रजा काढून टाचणी स्टुडिओत हजर झाला. दीपगृह प्लायवूडचं होतं आणि माणसाच्या डोक्याच्या जरा वर संपत होतं. समुद्र म्हणजे निळं कापड, दोन माणसं दोन टोकांनी हलवत. टाचणीने पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं की वारा पूर्वेचा असताना लाटा पूर्वेकडे जात नाहीत. माणसं चहाला गेली ती लवकर परत आली नाहीत.

खरी ठिणगी पडली ती कप्तानावरून. मालिकेच्या लेखिकाबाईंनी कप्तान परत येतो तो प्रसंग फार जीव लावून लिहिला होता. टाचणीने तो वाचला आणि कागद खाली ठेवला.

“तो येऊ शकत नाही,” तो म्हणाला. “त्याला पोहता येत नाही. पहिल्या वर्षी त्यानेच तसं सांगितलंय.”

“फळीला धरून येईल,” बाई म्हणाल्या.

“जहाज लोखंडी होतं.”

ठणकत्या दाढेने दंतवैद्याकडे पाहावं तसं बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. पण निर्माता चुकांना इतका भ्यायला होता की त्याने टाचणीचा कौल घेतला. कप्तान कागदावर नियमानुसार मेला.

त्यानंतर ‘दीपगृह’ अगदी बिनचूक झालं. मुलगी वेळच्या वेळी दिव्यात तेल घाली, काच पुसे, भरती-ओहोटीची नोंद करी, झोपे. पत्र वेळेवर पोचे आणि त्यात भरती-ओहोटीचीच चौकशी असे. शिवणकामवालीने कपड्यांचं काम आलं म्हणून येणं सोडलं. सासू दोन-चार दिवस आली, खुर्चीत झोपली, मग तिला झोपायला स्वतःचं घर बरं वाटू लागलं.

“आता हिचं नुसतं नोकरीचंच चाललंय,” आक्का एकदा जेवताना म्हणाली. “नोकरी मी केली आहे रे.” मग तिने कप्तानाचं विचारलं.

आतल्या गोष्टी बाहेर सांगायच्या नाहीत असं टाचणीकडून लिहून घेतलेलं होतं. तो म्हणाला, “आत्ताच काही सांगता येणार नाही. धीर धरा.”

इस्पितळाच्या व्हरांड्यात नातेवाइकांशी याच सुरात बोलणारे डॉक्टर आक्काने शेकड्याने पाहिले होते. ती ताटावरून उठली, हात धुतले आणि टीव्ही उचलून पुन्हा बाहेरच्या खोलीत आणून ठेवला. “घे,” म्हणाली, “तुझा तुला.” टाचणीला त्या रात्री जेवण गेलं नाही, पण जेवणात चूक काय झाली ते त्याला सापडेना.

मंडळाकडून तरी शाबासकी मिळेल, अशी त्याला आशा होती. मंडळात शुकशुकाट होता. महिनाभर एकही चूक नाही, मालिकेचा दर्जा पार घसरला, असं एका जुन्या सभासदाने लिहिलं आणि तो निघून गेला. बाकीचेही एका ऐतिहासिक मालिकेकडे वळले. तिथल्या राजाच्या दंडावर देवीच्या लशीचा वण होता, त्यामुळे सगळे सुखात होते.

प्रेक्षक गेले तसा निर्मात्याचा बिनचूकपणाचा उत्साहही गेला. त्याने टाचणीला फुलांचा गुच्छ देऊन त्याचे आभार मानले, आणि गुच्छ घेऊन माणूस फाटकाबाहेर पडेपर्यंत लेखिकाबाईंनी कप्तानाला जिवंत केलंही.

कप्तान यायच्या दिवशी आक्काच्या घरी खुर्च्या पुरल्या नाहीत. शिवणकामवालीने आपल्या दोन गिऱ्हाइकांनाही आणलं होतं. टाचणी छापखान्यातून आला तो दाराशी, चपलांजवळ, जमिनीवर बसला. पडद्यावर धुकं होतं. धुक्यातून कप्तान चालत आला आणि मुलीच्या हातातली तेलाची बरणी खाली पडली. खोलीत नाकं ओढल्याचे आवाज येऊ लागले.

टाचणीने पाहिलं. समुद्रातून आलेल्या माणसाचा कोट कोरडा ठणठणीत होता, शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. त्याने फार वेळ सोसलं. मग आक्काच्या कानाशी जाऊन हळूच विचारलं, “कोट कोरडा कसा गं?”

आक्काने पडद्यावरची नजर काढली नाही. “तिथे वारा किती असतो,” ती म्हणाली.

उत्तर सपशेल चूक होतं. एवढ्या वाऱ्यात धुकं टिकत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि सांगायला वाक्यही तयार होतं. इतक्यात शिवणकामवालीच्या सासूने मान वळवली आणि हुंदक्यात ऐकूच आलं नाही म्हणून कप्तान काय म्हणाला ते त्याला विचारलं.

“उशीर झाला म्हणाला,” टाचणीने सांगितलं, आणि म्हातारीला नीट दिसावं म्हणून तो जरा बाजूला सरकला.