कूलरमधली बाळंतीण

“नंदे, तुह्या कूलरच्या टाकीत मांजर व्याली वं!”

गॅलरीतून बळीरामजी ओरडले. चार दिवसांपूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यासाठीच ते नरखेडहून लेकीकडे आले होते. डोळ्यांवर काळा चष्मा, पण लेकीच्या घरातली उणीव म्हाताऱ्याला बरोबर दिसली!

नंदिनीनं कपाळावर हात मारला. कूलरचा नवा पंप हातात, आणि कोरड्या टाकीत घरची मांजर बिजली चार पिल्लांना पाजत पडलेली. बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन. डोळ्यात घाम जाता कामा नये, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. दवाखान्यांतले लशींचे फ्रिज दुरुस्त करत नंदिनी गावोगाव हिंडायची आणि घरचा कूलर मे उजाडला तरी बंद. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

“फेक न बाहेर!”

“बाबा, ओली बाळंतीण आहे ते. हात लावला तर पिल्लांयले सात घरं फिरवन. गल्लीत कुत्रे हायेत.”

“मंग मी उकडून मरू?”

तेवढ्यात फोन आला. भंडाऱ्याकडच्या एका दवाखान्यातला फ्रिज बंद पडला होता. लशी खराब व्हायच्या आत पोचायला हवं होतं. नवरा अश्विन बुटीबोरीला ड्युटीवर. आठ वर्षांच्या दीक्षाला तिनं शेजारच्या कामिनीताईंकडे धाडलं. आजोबा घरात असून नात शेजारी, पण बापाला सांगायची तिची टाप नव्हती. दीक्षा तान्ही असताना तिनं एकदाच विचारलं होतं, “बाबा, थोडे दिवस येऊन राहता का?” तेव्हा त्यांनी सुनावलं होतं, “लेकरू टाकून गावं हिंडणाऱ्या बाईच्या घरी मी नाई राहत.” मग दीक्षा जीपमध्ये पान्या-पकडींबरोबर वाढली. तो सल अजून गेला नव्हता.

“मी येऊन पाहते बाबा. तोवर टाकीत पाणी नका सोडू,” एवढं म्हणून ती निघाली.

दिवसभर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. बाप तापट. पंप आत टाकून नळ फिरवला की पिल्लांचा खेळ खलास. आणि नाही फिरवला तर त्यांच्या डोळ्याचं काय? दोन्हीकडून मरण तिचंच!

संध्याकाळी परतली तर कूलरचा आवाज नाही. घर नुसतं भट्टी झालेलं. ती गॅलरीच्या दाराशी गेली आणि तिथेच थबकली.

बळीरामजी कूलरजवळ स्टुलावर बसले होते. डोक्यावर ओला दुपट्टा. घाम डोळ्यात उतरू नये म्हणून कपाळ सारखं पुसत होते. वाळ्याची एक ताटी भिजवून त्यांनी उन्हाच्या बाजूला उभी केली होती, स्वतःसाठी नाही, टाकीसाठी. बिजली टाकीच्या काठावर घुटमळत होती. पिल्लांकडे पाही, बाहेर पाही, पण पाय निघेना.

“जाय वं माय,” बळीरामजी तिला म्हणत होते. हा आवाज नंदिनीनं जन्मात ऐकला नव्हता. “पोट भरून ये. मी हावो न इथं. लेकरं पाहून राहिलो.”

आणि काय सांगावं! इतका वेळ काठावर घुटमळणारी ती मांजर टुणकन उडी मारून गेली. वळूनसुद्धा पाहिलं नाही. नंदिनीला वाटलं, आपण जागे आहोत ना?

“बाबा, डोळा?”

“हाय जागेवर.” चाहूल लागल्यावर म्हाताऱ्याचा आवाज पुन्हा खरखरीत झाला. “फ्रिज झाला?”

“नाही. लशी दुसऱ्या दवाखान्यात ठेवल्या. पार्ट उद्या मिळन. सकाळीच निघा लागते. दीक्षाले कामिनीताईकडे...”

“काहून? मी काय मेलो का?” ते टाकीतच पाहत होते. “पोरगी राहीन माह्याजवळ. तू जाय निवांत.”

आठ वर्षांत किती भांडणं मनात रचली होती नंदिनीनं, त्यातलं एकही आता आठवेना. तिनं बापाच्या डोक्यावरचा दुपट्टा काढला, पुन्हा भिजवून पिळला आणि डोळ्याला धक्का लागणार नाही असा नीट घातला. मग ती फरशीवर त्यांच्या पायाशी बसली. बिजली परत येईपर्यंत दोघंही तिथून हलली नाहीत.