एकही प्रश्न सोडायचा नाही

आमचे हे क्लास चालवतात. स्पर्धा परीक्षांसाठी इतिहास शिकवतात. वर्गात भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, एकही प्रश्न सोडायचा नाही. येत नसेल तर ठोकून द्या. घरातही तोच कायदा. नळाला पाणी का नाही विचारलं, तरी हा माणूस कारण देणार! "माहीत नाही" हे शब्द मी लग्न झाल्यापासून यांच्या तोंडून ऐकले नव्हते.

लेकीला मात्र इतिहासाचं खरं वेड. अमेरिकेतल्या गुलामांचा इतिहास शिकायला तिला परदेशी जायचं होतं. शेकडो अर्ज आणि मूठभर जागा. निबंध तिचा तिनं लिहिला, तो तिथल्या विद्यापीठाला आवडलाही. उरली फक्त मुलाखत, आणि तिथे हे घुसले. महिनाभर जेवणाच्या टेबलावर हे मुलाखत घेणारे प्राध्यापक बनून प्रश्न विचारायचे! पोर जरा अडखळली की चमचा टेबलावर आपटायचे. "थांबायचं नाही! थांबलीस की गेलीस!"

मी म्हणायची, "अहो, तिला घास तरी गिळू द्या." पण ऐकतंय कोण.

मुलाखतीच्या दिवशी आम्ही दोघं दाराआड उभे. संगणकावर पिकल्या केसांच्या एक बाई होत्या, बोलायला अगदी मऊ. त्यांनी एक जुनं पत्र दाखवलं. मळ्यातून पळालेल्या एका गुलाम बाईनं मागे राहिलेल्या आईला लिहिलेलं. त्यांनी विचारलं, "हे आईला पोचलं असेल?"

लेक गप्प झाली. पत्राकडे बघत राहिली, डोळे भरले तिचे. तेवढ्यात यांनी दाराच्या चौकटीवर बोटानं टकटक केलं.

पोर दचकली. मग सुटलीच. पोचलं म्हणाली, कुणी नेलं, कुठल्या वाटेनं, सगळं धडाधड ठोकून दिलं.

बाईंनी पत्र बाजूला ठेवलं. "मी कितीतरी वर्षं शोधतेय," त्या म्हणाल्या, "मला अजून माहीत नाही." इंग्रजी मला जेमतेम येतं; बाकीचं लेकीनं नंतर सांगितलं, पण एवढं तिथंच कळलं.

नकार आला तेव्हा लेक टेबलावर डोकं टेकून बसली. रडलीसुद्धा नाही. माझा संताप आवरेना.

"बोला ना मास्तर! आता पुढे काय करायचं तिनं?"

यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"माहीत नाही," हे म्हणाले.

लेकीनं मान वर केली. "हे महिनाभर आधी शिकवायचं ना, बाबा."