फुलपाखरांच्या दारातला तडकलेला आरसा

मी तडकलेला आरसा आहे, मित्रांनो, आणि ते मी लपवत नाही.

जर्मनीतल्या एर्लांगेन शहरातल्या एका काचघरात दर हिवाळ्यात उष्ण देशांतली फुलपाखरं सोडतात. आत घाम फुटतो, बाहेर बर्फ असतो. बाहेर जायच्या दाराजवळ मी सतरा वर्षं उभा आहे. माझ्यात कोणी तोंड पाहत नाही. लोक माझ्याकडे पाठ करतात आणि मान वळवून बघतात, कपड्यांवर एखादं फुलपाखरू तर बसलेलं नाही ना? त्या थंडीत ते तगायचं नाही. किती जीव वाचवले मी! इथं काम करणारी पेट्रा मला रोज पुसायची, माझं कौतुक करायची. यंदा, २०१४च्या जानेवारीत, तिचीच शिडी माझ्यावर आपटली आणि वरपासून खालपर्यंत तडा गेला. "सोमवारी नवा येईल," ती म्हणाली. तेव्हापासून पुसणंही बंद. मला राग आला. अजूनही आहे.

आज रविवार. मुलांकडे राहायला आलेल्या दोन आज्या प्रदर्शन बघायला आल्या: नागपूरच्या कमलाबाई आणि त्यांच्या शेजारी उतरलेल्या पुण्याच्या मनोरमाबाई. सोबत कमलाबाईंची सहा वर्षांची नात, क्रांती.

"अगंबाई, तडकलाय! फुटक्या आरशात बघू नये हो, कमलाताई," म्हणत मनोरमाबाईंनी माझ्याकडे पाठ फिरवली.

फिरवा की! पाठ पाहणं हेच तर माझं काम. त्यांच्या शालीवर एक निळं फुलपाखरू बसलं होतं. पण मला ओरडता येत नाही, आणि क्रांतीचा हात दाराच्या मुठीवर होता.

"आम्ही नाही मानत असलं," कमलाबाई म्हणाल्या आणि माझ्यासमोर ताठ उभ्या राहिल्या. मागे मनोरमाबाईंच्या शालीवरचं फुलपाखरू त्यांना माझ्यात दिसलं. "क्रांती, दार उघडू नको!"

"वारुम?" का म्हणून, असं तिने जर्मनमध्ये विचारलं.

"जर्मन मग बोल, आधी हात काढ!"

पेट्राने धावत येऊन मऊ ब्रशवर फुलपाखरू अलगद उचललं.

"माझ्या पाठीवर होतं? आणि मी तशीच निघाले होते की हो!" मनोरमाबाई ओशाळल्या. मग त्या वळल्या, माझ्यात रोखून पाहिलं आणि अंबाड्यातली पिन नीट केली.

उद्या मला काढायचं तर खुशाल काढा. पण मित्रांनो, तडा गेलेल्याला टाकण्याआधी त्याचं काम एकदा तरी नीट बघा. आज, तडकल्यावरही, माझ्यासमोरून एकही फुलपाखरू थंडीत गेलेलं नाही.